बावीस दातांची चकती

मंजुळा, तुझ्यावर रागवावं की नाही, हे मला ठरवता येत नाहीये. गेल्या रविवारपर्यंत मी नुसती रडत होते, ते सोपं होतं. तुला जाऊन आज चोवीस दिवस झाले. तेराव्याला तुझ्या घरी पानावर बसले, तुझ्या लेकीला, प्रणालीला, जवळ घेतलं, तुझ्या फोटोकडे बघायचं टाळलं आणि घरी येऊन मुकाट्याने भांडी घासली. माणूस गेल्यावर जे जे करतात ते सगळं मी रीतसर केलं. पण रविवारी तुझ्या आत्याकडे गेले आणि तेव्हापासून डोक्यात नुसता गुंता झालाय. तू असतीस तर तुझ्या दारात उभी राहून भांडले असते. आता कागदावर भांडते.

पहिल्यापासून सांगते. तुला सगळं माहीत आहे, पण तू ऐकताना मध्येच विषय बदलायचीस. आता ती सोय राहिली नाही.

पाच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझे गुडघे बघितले आणि म्हणाले, जिने कमी करा, सायकल चालवा. म्हणून पन्नाशीला टेकलेली, खारघरच्या कॉलेजात गणित शिकवणारी बाई हेल्मेट घालून करंजाड्याच्या रस्त्यावर आली. सोसायटीतल्या बायका गॅलरीतून बघायच्या. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मागून घंटी वाजली आणि तू मला मागे टाकून गेलीस. पदर कमरेला खोचलेला, पायात स्लीपर, भावाची जुनी काळी सायकल आणि कॅरिअरवर मेथीची गोणी. पुढे जाऊन थांबलीस आणि माझ्याकडे बघत म्हणालीस, "काय गो, सायकलीव काय बी नाय, आन घाम कवरा गालतंस!"

मला राग आला होता. तो मी घरी जाऊन ह्यांना सांगितला, तर हे म्हणाले, "खरं तेच म्हणाली की ती." पुढे माझा मुलगा बंगळुरूला गेला, त्याची गिअरची सायकल पार्किंगमध्ये धूळ खात होती, ती तुला दिली. तू तिच्या चाकापुढे नारळ फोडलास. आठ दिवसांत माझ्यापेक्षा सफाईने गिअर बदलायला लागलीस आणि मला 'मास्तरनी' म्हणायला लागलीस. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतंय.

मग गेल्या वर्षी प्रणालीचं लग्न ठरलं. तिचे बाबा जाऊन सात वर्षं झालेली, म्हणजे सगळं तुझ्याच अंगावर. पत्रिका छापून आल्या आणि तू जाहीर केलंस की पेणपासून कार्लेखिंडीपलीकडल्या आत्यापर्यंतची तुझ्या माहेरची तेरा घरं तू स्वतः सायकलवरून करणार. तुझा दीर म्हणाला, "वहिनी, आमी गारीनं जातंव, एका दिसात उरकतंय." त्यावर तू जे बोललीस ते मी अजून विसरले नाही. "गारी दारात उभी ऱ्हायली का मानसाचा जीव गारीत. धा मिन्टांत उठनार. आमंत्रन असा देतान काय? सायकलनं गेलो त ती बोलतील, बस गो, दमलीस, जेवून जा." मी लगेच म्हणाले, मी येते.

मी आले ती तक्ता घेऊनच. गणिताच्या बाईला दुसरं काय सुचणार? घरागणिक एक पत्रिका, एक नारळ, लाडवांचा पुडा आणि एक खण, म्हणजे प्रत्येक घरी सव्वा किलो उतरणार. निघताना दोघींच्या सायकलींवर मिळून चोवीस किलो, कपड्यांसकट. तेरावं घर येईपर्यंत सात-आठ किलो. मी रकाने आखले, प्रत्येक घरापुढे वजन लिहिलं आणि तो कागद तुझ्या फ्रिजला चिकटवला. तू चष्मा लावून वाचलास. "ह्ये उतरत जानार?" म्हणालीस. मी म्हटलं, "अगं, आपण वाटतच जाणार ना?" तू चष्मा काढलास आणि म्हणालीस, "मास्तरनी, तुला सासर-माहेर काय हाय का नाय?"

मला वाटलं, तुला तक्ता समजला नाही.

तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. बाहेरच्या कुणाला सांगितलं तर हसतील, दोन बाया सायकलीच्या दातांवरून दोन महिने भांडल्या म्हणून. आपल्या दोन्ही सायकलींना पुढची सगळ्यात लहान चकती अठ्ठावीस दातांची आणि मागची सगळ्यात मोठी बत्तीस दातांची. तो गिअर लावला की पेडलच्या एका फेरीत सायकल सहा फूट जाते. चढावर याहून हलका गिअर हवा असेल तर पुढची चकती आणखी लहान हवी. तुला हवी होती बावीस दातांची. मी लगेच आकडेमोड करून दाखवली. बावीसच्या चकतीने एका फेरीत जेमतेम पावणेपाच फूट. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तरी ताशी पाच किलोमीटर. "म्हणजे माणूस चालतो तेवढंच, मंजुळा. मग सायकल कशाला? उतरून चालत जाऊ." आणि आणखी एक म्हणाले, ते आता लिहिताना लाज वाटते. म्हणाले, "हा म्हाताऱ्यांचा गिअर झाला."

तू रागावली नाहीस. तू मला मिठागराची गोष्ट सांगितलीस. आठ-नऊ वर्षांची असताना तू आईबरोबर मिठाच्या पाट्या वाहायचीस, अरुंद बांधावरून. आई ओरडायची, ढांग मोठी टाकू नको, बारीक पावलं टाक, भरभर टाक. "डोईव वजन असला का पाऊल बारका कराचा. मोठा पाऊल टाकला त एक त तू परशील, नायतर गुरगा जाईल. पाटी आन सायकल, काय फरक हाय?" मी म्हटलं, फरक आहे, सायकलीला चाकं आहेत. तू उठलीस आणि चहा टाकलास.

आपण रफीकभाईंकडेही गेलो होतो, पनवेलच्या बाजारातल्या त्यांच्या दुकानात. ते बिचारे दोन बायांच्या मध्ये सापडले. म्हणाले, "मॅडम, लोड असला ना, तर छोटा चेनव्हीलच पायजे. लोग बडा लावतात, मग घुटना घेऊन डॉक्टरकडे जातात. यात इज्जतीचा सवाल कशाला?" मी विचारलं, उताराचं काय? पुढच्या तिन्ही चकत्या एकत्रच बदलून लहान होणार, म्हणजे उतारावर पाय नुसते हवेत फिरणार. रफीकभाई तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "उताराव पाय कशाला मारतंस? उताराव गप बसाचा." दुकानातली सगळी हसली. मीही हसले, पण हट्ट सोडला नाही. अठ्ठावीसच राहिली. वादात मी नेहमी जिंकायचे, कारण मी जास्त बोलायचे. आता वाटतं, तू हरत नव्हतीस, नुसती थांबत होतीस.

पहिल्या दिवशी कर्नाळ्याचा चढ आपण चोवीस किलोनिशी चढलो. वर पोचल्यावर मी तुला म्हटलं, "बघ, जमलं की नाही?" तू पाणी पीत म्हणालीस, "अजून कोनाच्या घरी गेलो नाय."

आणि मग घरं सुरू झाली. पेणच्या चुलतबहिणीने नारळ घेतला, खण डोळ्यांना लावला, लाडू देवापुढे ठेवला आणि निघताना पोह्याच्या पापडांचे चार पुडे आपल्या पिशवीत भरले. पुढच्या घरी वाल. त्यापुढे घरच्या शेतातले पाच किलो तांदूळ, शिवाय सुकट, कागदाच्या तीन थरांत बांधलेली, तरी माझ्या कपड्यांना वास लागला तो लागलाच. एक कोहळा. एका मामींनी तर नारळाला नारळ दिला, वर एक जास्तीचा. मी म्हणत होते, अहो नको, वजन होतं. एका म्हातारीने मला आपादमस्तक बघितलं आणि विचारलं, "वजन सायकलीला व्हते का तुला?" तू हसून हसून ओट्यावर बसलीस. पोयनाडच्या पुढे पांढऱ्या कांद्याच्या माळा मिळायला लागल्या आणि त्या तू माझ्या हँडलला अडकवल्यास, कारण आणखी जागा नव्हती.

चौथ्या दिवशी मी हट्टाने एका रेशन दुकानाच्या काट्यावर सगळं सामान चढवलं. एक्केचाळीस किलो. बारा घरं झाली होती आणि माझ्या तक्त्याप्रमाणे नऊ किलो उरायला हवे होते. तीस वर्षं पोरांना शिकवतेय, वजाबाकीच्या आधी बेरीज बघा. आणि आपल्याच माणसांत लेकीबाळीची पिशवी रिकामी परत पाठवत नाहीत, हे मला कळलं नाही. माझ्या आईने कधी पाठवली नाही. मीही कधी पाठवली नाही. आकडे मांडायला बसले की मी कुठली कोण होते, कळत नाही.

तेरावं घर तुझ्या आत्याचं. कार्लेखिंड ओलांडून पलीकडे. आई गेल्यावर याच आत्याने तुला दोन वर्षं सांभाळलं, न्हाऊ-माखू घातलं, शाळेत घातलं. सगळ्या घरांत ते एक घर तुझं. म्हणूनच तू ते शेवटी ठेवलं होतंस, दोन रात्री राहायचं म्हणून. आणि खिंडीच्या पायथ्याशी पाव किलोमीटरही चढलो नसू, तेवढ्यात माझ्या उजव्या गुडघ्यात काहीतरी सरकलं. अठ्ठावीसच्या चकतीवर मी उभी राहून जोर मारत होते. तू मागून ओरडलीस, "उतर! उतर बोलते ना!" मी उतरले, पण सायकल ढकलायलाही पाय उचलेना. रस्त्याकडेला दगडावर बसले. गुडघा बघता बघता सुजला.

तू खिंडीकडे एकदा बघितलंस. मग परत एकदा. मग कांद्याचा एक रिकामा टेम्पो पनवेलकडे निघालेला, तो थांबवलास, दोन्ही सायकली वर चढवल्यास आणि मला हाताला धरून बसवलंस. मी म्हटलं, "तू पुढे जा, मी जाईन एकटी." तू म्हणालीस, "आत्याला मंग बघू." वाटेत एक शब्द बोलली नाहीस माझ्या तक्त्याबद्दल. तेवढं तरी बोलायचं होतंस.

लग्नात मी तुझ्या आत्याला शोधत होते. कधी बघितलेली नव्हती, तरी प्रत्येक म्हातारीकडे बघत होते. शेवटी जेवणाच्या पंगती चालू असताना तुला गाठलं आणि विचारलं. तू हातातलं वाढपाचं ताट खाली न ठेवता म्हणालीस, "नाय आली. रुसली." आणि पुढच्या पंगतीकडे वळलीस.

आणि मग तू ते लावूनच धरलंस. आठवड्यातून दोनदा तरी. आत्याचा फोन नाय. आत्या बोलत नाय. रुसली ती रुसली. मी म्हटलं, चल, उद्या एसटीने जाऊ, मी पाया पडते त्यांच्या. तू म्हणालीस, "नाय. सायकलनं निघालो व्हतो, सायकलनंच जावाचा. आन जावाचा त बारकी चकती लावून." मी म्हटलं, बारावीचे पेपर तपासायचे आहेत. मग म्हटलं, ऊन फार आहे. मग म्हटलं, गुडघा. तू म्हणालीस, "गुरग्यासाठीच बोलतंय." खरं कारण मी तुला सांगितलं नाही, ते आज सांगते. ती चकती लावली असती तर माझा तक्ता चुकला होता हे रोज सायकलवर बसताना दिसलं असतं. उत्तर चुकलं की खोडा आणि नव्याने सोडवा, हे मी पोरांना किती सहज सांगते!

मग एप्रिलमध्ये एका सकाळी तुझ्या जावयांचा फोन आला. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. सगळ्यांना माहीत आहे, आणि तुला तर सगळ्यांत जास्त.

मला माहीत होतं ते एवढंच, की तू गेलीस तेव्हा तुझी आत्या तुझ्याशी बोलत नव्हती. आणि ती बोलत नव्हती माझ्या अठ्ठावीस दातांपायी. प्रणालीला विचारायची हिंमत झाली नाही. नवी नवरी, त्यात आई गेलेली, तिला काय विचारू, तुझी आई आत्याच्या आठवणीने रडायची का म्हणून? तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी सायकल घेऊन रफीकभाईंकडे गेले आणि म्हटलं, बावीसची लावा.

त्यांनी काही न विचारता मागच्या फळीवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पुडा काढला. "ताईंनी केव्हाचा आणायला लावला होता. म्हणाल्या, मॅडम येतील, घाई करू नका, पण ठेवा." मी विचारलं, आणि तिच्या सायकलीसाठी? रफीकभाई म्हणाले, "नाय. ताई बोलल्या, माझे पाय चालतात. हा मॅडमसाठी."

मी तिथे स्टुलावर बसले. म्हणजे ते दोन महिन्यांचं भांडण, ती मिठाची पाटी, ते बारीक पाऊल, हे सगळं माझ्या गुडघ्यांसाठी होतं? मी समजत होते की तुला चढ झेपणार नाही, तू लाजतेस, म्हणून वजनाचं निमित्त सांगतेस. तुझी कीव करत होते मी, मंजुळा. मला आज कळत नाही, मी पाच वर्षं कोणाबरोबर सायकल चालवत होते.

रविवारी पहाटे निघाले. बरोबर आत्याची राहिलेली पत्रिका घेतली आणि खण, दोन्ही माझ्या पिशवीत तशीच पडून होती. लग्न होऊन गेलेलं, लग्न काढणारी गेलेली, आणि मी आमंत्रण घेऊन निघालेले. हे म्हणाले, "डोकं ठिकाणावर आहे ना? काय सांगणार तिथे?" मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. पेणला सावलीत दोन तास थांबले. खिंडीचा चढ आला तेव्हा बावीसवर टाकलं आणि पाय भराभर, बारीक फिरवत चढले. एक कुत्रं मला मागे टाकून पुढे गेलं. मी उतरले नाही.

आत्याचं घर दोन ठिकाणी विचारून सापडलं. ती अंगणात खाटेवर बसून कांद्याच्या माळा विणत होती. मला बघून म्हणाली, "तू मास्तरनी ना गो? गुरग्याची?" मी सायकल भिंतीला टेकवली, तिच्या पायाशी बसले आणि पाठ करून आणलेलं सगळं एका दमात सांगितलं. चूक माझी होती, मंजुळाची नाही, तिला यायचंच होतं, तुम्ही तिच्यावर रुसू नका, आता तर नकाच. आणि पत्रिका तिच्या हातात दिली.

तिने पत्रिका उलटसुलट करून बघितली. "ही दुसरी कशाला?" म्हणाली. "एक हाय ना माझ्याकं."

तिने बोट दाखवलं. उघड्या दारातून आत आरसा दिसत होता आणि आरशाच्या चौकटीत प्रणालीची पत्रिका खोचलेली होती.

"मंजू येऊन गेली व्हती. लग्नाच्या आदी आठ दिस, एस्टीनं. ऱ्हायली एक रात. आमच्या भावकीत म्हातारा गेला व्हता, आमाला सुतक. लग्नाला कोनीच येनार नाय, तिला तवाच म्हाईत झाला व्हता." मी म्हटलं, "पण ती म्हणाली, तुम्ही रुसलात." आत्या आधी हसली, दात नसलेल्या तोंडाने, मोठ्याने. "मी? मंजूव?" मग हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काढला नाही. नंतर म्हणाली, "ती बोलली व्हती मना. मास्तरनीला सांगू नका. सांगितला त ती सायकल माळ्याव टाकील. तुमच्या रुसव्याव तिला खिंड चढवतंय, बोलली."

मंजुळा, ताट हातात घेऊन तू माझ्याशी खोटं बोललीस. डोळ्याची पापणी हलली नाही तुझी. आणि मग महिनाभर, आठवड्यातून दोनदा. मी रात्र रात्र तुझ्या आत्याची माफी कशी मागायची याचा विचार करत होते आणि तू मनातल्या मनात हसत होतीस? की हसत नव्हतीस? आत्याच्या दारात पोचल्यावर सांगणार होतीस का? आधी ठरवलं होतंस, की आत्या बोलेल ते बोलेल आणि मी तोंड आ वासून बघेन? तू कशी हसली असतीस ते मला दिसतंय. पण ते घडलं नाही, आणि जे उरलं ते नुसतं खोटं उरलं. तुला मेल्यावर खोटारडी म्हणावं, तर जिभेवर येत नाही. माझ्यासाठीच केलंस म्हणून आभार मानावेत, तर त्याआधी तुला दोन फटके द्यावेसे वाटतात. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तुझं बरोबर होतं. मी सायकल माळ्यावर टाकलीच असती.

आत्याने मला रात्री ठेवून घेतलं. तिचा मुलगा दहाव्याला करंजाड्याला येऊन गेला म्हणाली. तो मला कसा ओळखू येणार होता? तिच्या पायांना आता प्रवास झेपत नाही. तुझ्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. तू चिंचा चोरायचीस आणि आळ शेजारणीच्या पोरीवर घालायचीस, असं म्हणाली. मी म्हटलं, पटतं. सोमवारी सकाळी निघताना तिने माझ्या दोन्ही पिशव्या भरल्या, तांदूळ, वाल, कांद्याच्या सहा माळा, आणि वर एक फणस ठेवला. मी एकदाही नको म्हटलं नाही. फणस दोरीने बांधत ती म्हणाली, "अर्धा प्रणालीला दे. आन परत कवा येतंस?" मी म्हटलं, येते. कोणत्या नात्याने येणार, ते तिने विचारलं नाही.

परतीची खिंड मी बावीसवर चढले. फणस मागे डुलत होता. ताशी पाच किलोमीटर, माझ्या हिशेबाप्रमाणे, तेवढा हिशेब तरी बरोबर निघाला. चढताना तुझ्याशी भांडत होते, मोठ्याने. एक मोटारसायकलवाला मागे वळून बघत गेला. वर पोचले, सायकल झाडाला लावली, धाप लागलेली, घाम डोळ्यांत जात होता, आणि मी काय केलं माहीत आहे? फोन काढला आणि तुला लावला. तुला ओरडायचं म्हणून. सवयीने. वाजायला लागला तेव्हा लक्षात आलं, पण बंद करायच्या आत तो उचलला गेला.

"काकू?" प्रणाली म्हणाली. तुझा फोन तिच्याकडे आहे. "काकू, आईला लावलात ना?"

मी म्हटलं, "तिला ओरडायचं होतं गं." आणि मला वाटलं, हे काय बोलले मी पोरीला!

प्रणाली म्हणाली, "मग ओरडा ना. इथं कोनीच ओरडत नाय, सगळी हळूच बोलतात. मी धरते फोन."

मी खूप मोठा श्वास घेतला. रुसवा, एसटी, ती दुसरी पत्रिका, सगळं तोंडाशी आलं होतं. आणि ओरडायला तोंड उघडलं तर निघालं ते हेच.

"मंजे, गुडघा नाही गं दुखला."